जर्मनीत रोड ट्रिप करायचीय? पाच शहरांपेक्षा दोन नद्या निवडा

पिवळ्या रंगाचं एक अरुंद घर. त्याच्या एका बाजूने रस्ता वर चढतो, दुसऱ्या बाजूने खाली उतरतो आणि दोन्ही रस्त्यांच्या टोकाला एकेक जुना मनोरा. जर्मनीच्या रील्स पाहणाऱ्यांना हा कोपरा न सांगताच ओळखू येईल. रोथेनबुर्ग ऑब डेर टाउबर या गावातलं हे 'प्लोनलाइन'. ही रील सेव्ह होते, मग नॉयश्वानश्टाइनच्या राजवाड्याची, मग ब्लॅक फॉरेस्टची, मग मोझेल नदीकाठच्या कोखेमची. सुट्टी असते आठ दिवसांची. मॅपवर चार-पाच पिना टाकल्या की प्लॅन झाल्यासारखा वाटतो.

गडबड इथेच होते. नॉयश्वानश्टाइन ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून आहे, तर कोखेम देशाच्या पश्चिमेला. दोन्हींमध्ये पाचशेहून जास्त किलोमीटरचं अंतर आहे. हे अंतर ऑटोबानवरून, म्हणजे जर्मनीच्या महामार्गावरून कापावं लागतं आणि तिथे खिडकीतून दिसतात ते मालवाहू ट्रक आणि आवाज अडवणाऱ्या भिंती. ज्या गावांसाठी आणि दऱ्यांसाठी एवढा खर्च केला, तिथे पोहोचेपर्यंत दुकानं बंद होत आलेली असतात.

जर्मनीतल्या जुन्या गावांची ट्रिप ठरवताना किलोमीटरपेक्षा घड्याळ महत्त्वाचं असतं. पहिल्यांदाच गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी सहा-सात रात्रींत ऱ्हाइन आणि मोझेल या दोन नद्यांची खोरी हा सगळ्यात शहाणपणाचा पर्याय आहे. दोन्ही फ्रँकफर्टपासून जवळ आहेत, एकमेकींना कोब्लेंझ शहरात मिळतात आणि रीलमध्ये दिसतं ते जवळपास सगळं इथे आहे.

मग 'रोमँटिक रोड'चं काय?

जर्मनीत अशा नावाजलेल्या मार्गांची कमी नाही. तपकिरी पाट्यांवर त्यांची नावं दिसतात. पण हे मध्ययुगीन रस्ते आहेत असा समज करून घेऊ नये. वुर्झबुर्ग ते फ्युसेन हा 'रोमँटिक रोड' 1950 साली पर्यटन वाढवण्यासाठी तयार झाला. महायुद्धात बदनाम आणि उद्ध्वस्त झालेल्या देशाला जगासमोर वेगळा चेहरा हवा होता. 'जर्मन वाइन रोड' तर 1935 सालचा, नाझी राजवटीतला. न खपलेली वाइन खपवणं हा त्यामागचा हेतू होता.

रोथेनबुर्गचीही अशीच गोष्ट आहे. 31 मार्च 1945 रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात या गावाचा सुमारे 40 टक्के जुना भाग नष्ट झाला. आज पर्यटक ज्याला सातशे वर्षं जुनं म्हणतात त्यातला बराच भाग युद्धानंतर जुन्या धाटणीने पुन्हा उभारलेला आहे. म्हणून ते गाव पाहू नये असं नाही. फक्त दुपारी टूर बस येतात तेव्हा तिथे गर्दीच जास्त दिसते. ज्यांना जायचंच आहे त्यांनी एक रात्र गावातच मुक्काम करावा.

ऱ्हाइन: पूल नसलेली दरी

बिंगेन आणि र्‍युडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंतचा सुमारे 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, उतारावर द्राक्षमळे, खाली एकेका रांगेत बसवलेली गावं आणि जवळपास प्रत्येक वळणावर एक किल्ला.

एवढे किल्ले इथेच का? नदी हा त्या काळचा हायवे होता आणि त्यावर जकात वसूल करणं हा सरदार-बिशपांचा धंदा. काउब गावासमोर नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला फाल्झग्राफेनश्टाइन हा 1327 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला म्हणजे चक्क पाण्यातला जकात नाका. लांबून तो नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो.

मात्र यातले बरेच किल्ले दिसतात तितके जुने नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंच सैन्याने बहुतेकांचे अवशेष करून ठेवले आणि एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांनी, राजघराण्यांनी त्यातले काही हौसेने पुन्हा बांधले. ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग हा मधल्या ऱ्हाइनवरचा कधीही उद्ध्वस्त न झालेला एकमेव डोंगरी किल्ला. एकच किल्ला आतून पाहायचा असेल तर हा पाहावा. मोठे भग्नावशेष आवडत असतील तर सांक्ट गोआरचा ऱ्हाइनफेल्स आहे. लोरेलाय या 132 मीटर उंच कड्याचं नाव कवी हाइनरिख हाइनेमुळे जगभर झालं, पण खालून तो कडाच दिसतो, फार अपेक्षा ठेवू नये.

या पट्ट्यात नदीच्या दोन्ही काठांनी एकेक रस्ता जातो. डाव्या, म्हणजे पश्चिम काठाने बी 9 आणि उजव्या काठाने बी 42. जर्मनीत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. त्यामुळे बी 9 वरून उत्तरेकडे जाताना नदी आपल्याच लेनला लागून राहते. फोटोसाठी थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. परतताना बी 42 ने दक्षिणेकडे आलं की नदी पुन्हा आपल्याच बाजूला. म्हणून बाखाराखमध्ये दोन रात्री राहून एका दिवसात हा गोल पूर्ण करावा: सकाळी बी 9 ने कोब्लेंझ, तिथे पूल ओलांडून ब्राउबाख, मग दक्षिणेकडे काउब आणि काउबहून फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे. सगळं मिळून जेमतेम शंभर किलोमीटर. पण दिवस पुरत नाही.

फेरीबोट हा इथला फक्त गंमतीचा भाग नाही. माइन्झ आणि कोब्लेंझ यांच्यामध्ये ऱ्हाइनवर गाड्यांसाठी एकही पूल नाही. शेवटची बोट गेली की समोर, हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या गावात जायला लांबचा वळसा पडतो. पर्यटकासाठी ही फजिती असते, तिथे राहणाऱ्यासाठी ते रोजचं आयुष्य आहे. सांक्ट गोआरजवळ पूल बांधण्याची मागणी कित्येक वर्षांची आहे. त्यावर वाद होण्याचं कारणही तगडं आहे. ड्रेस्डेन शहराजवळच्या एल्ब नदीच्या खोऱ्याला 2004 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. तिथे चौपदरी पूल बांधायला घेतला आणि 2009 मध्ये युनेस्कोने तो दर्जा काढून घेतला. ऱ्हाइनकाठच्या लोकांना दवाखाना, शाळा, नोकरीसाठी पूल हवाय आणि बाहेरच्यांना फोटोत पूल नकोय, असा हा पेच.

आणखी एक गोष्ट हॉटेलच्या फोटोंत कधीच दिसत नाही: रेल्वे. दोन्ही काठांनी रेल्वेमार्ग आहेत आणि मालगाड्या रात्रभर धावतात. 'रिव्हर व्ह्यू' खोली म्हणजे बहुतेक वेळा 'रेल्वे व्ह्यू' खोलीही असते. झोप सावध असेल तर गावाच्या आतल्या बाजूची खोली मागावी. बाखाराखमध्ये वर श्टालेक किल्ल्यात युथ हॉस्टेल आहे. किल्ल्यात राहण्याचा हा बहुधा सगळ्यात स्वस्त मार्ग, त्यामुळे बुकिंग बरंच आधी करावं लागतं.

मोझेल: सरळ न जाणारी नदी

कोब्लेंझ ते ट्रिअर हे अंतर सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर भरतं. मोझेल नदी तेवढंच अंतर जवळपास दुप्पट लांबीने पार करते. ऑटोबानने दीड तासात ट्रिअर गाठता येतं. नदीकाठच्या रस्त्याने तीन दिवस लावले तरी कमीच वाटतील.

कोखेमच्या पुढे हे सगळ्यात चांगलं कळतं. इथे नदी एक मोठा वळसा घालते. 1879 मध्ये कोब्लेंझ-ट्रिअर रेल्वे आली तेव्हा इंजिनीअरांनी वळशाच्या मागे न लागता डोंगरातून 4.2 किलोमीटरचा बोगदा काढला. कोखेमला आत शिरलेली ट्रेन काही मिनिटांत एलरला बाहेर पडते. गाडीने नदीकाठून जायचं तर हेच वीसेक किलोमीटर होतात. त्या वळशावर बाइलश्टाइन हे जेमतेम दीडशे वस्तीचं गाव आहे. रेल्वे त्याला बगल देऊन गेली, गावात पूल झाला नाही, कारखाना आला नाही. विकास हुकला म्हणून गाव जसंच्या तसं राहिलं आणि आज 'मोझेलची झोपलेली राजकन्या' या टोपणनावाने तेच विकलं जातं. दुपारी अकरा ते चार तिथे पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी सहानंतर मात्र फक्त पाण्याचा आवाज असतो. मुक्काम करणाऱ्याला दुसरं बाइलश्टाइन दिसतं ते असं.

कोखेमचा डोंगरावरचा राइक्सबुर्ग रीलमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. मूळ किल्ला फ्रेंचांनी 1689 मध्ये उडवला. 1868 मध्ये बर्लिनच्या एका उद्योगपतीने अवशेष विकत घेऊन त्यावर आजचा किल्ला बांधला. खरा जुना हवा असेल तर थोडं आत, जंगलात लपलेला बुर्ग एल्झ गाठावा. आठशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे असलेला हा किल्ला जर्मनीच्या जुन्या 500 मार्कच्या नोटेवर होता. तो हिवाळ्यात बंद असतो, साधारण एप्रिल ते ऑक्टोबरअखेर उघडा. पार्किंगपासून खाली चालत जावं लागतं, बसचीही सोय असते. आजी-आजोबा सोबत असतील तर परतीच्या चढाचा विचार आधी करावा. आत फोटो काढू देत नाहीत.

पुढे ब्रेम गावावर काल्मोंट नावाचा द्राक्षमळा आहे. त्याचा उतार काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत जातो आणि तो युरोपातल्या सगळ्यात तीव्र उताराच्या मळ्यांपैकी एक मानला जातो. ट्रॅक्टर तिथे चालूच शकत नाही. माणसं आणि माल एका रुळावरून सरकणाऱ्या छोट्या गाडीने वर जातात, बाकी काम हातानेच. शाळीग्रामी रंगाचा स्लेट दगड दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला रिसलिंग द्राक्षं पिकतात. पण इतके कष्ट करायला पुढची पिढी तयार नाही. अनेक उतार सोडून दिले गेले आहेत आणि तिथे झुडपं माजली आहेत. हिरव्या रेघांमध्ये मध्येच दिसणारे ते जंगली चौकोन म्हणजे कुणीतरी बंद केलेली शेती असते. मळेवाल्याच्या घरची एक बाटली विकत घेणं, अगदी द्राक्षांचा साधा रस घेणं, यालाही म्हणून अर्थ आहे.

बर्नकास्टेल-कूसचा चौक लाकडी चौकटीच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. 1416 सालचं एक घर खाली इतकं अरुंद आणि वर रुंद आहे की ते तोल सांभाळून उभं असल्यासारखं वाटतं. या घरांना जर्मनीत 'फाखवेर्क' म्हणतात. ओक लाकडाचा सांगाडा, मधल्या चौकोनांत काटक्यांची वीण, त्यावर पेंढा मिसळलेली माती आणि वरून चुना. कोकणातल्या कुडाच्या भिंती पाहिलेल्यांना हे तंत्र लगेच कळेल. फरक हा, की तिथे तीन-तीन मजले चढवले गेले आणि लाकूड पाचशे-सहाशे वर्षं टिकलं. बाखाराखमधलं 'आल्टेस हाउस' 1368 सालचं आहे.

शेवटचा टप्पा ट्रिअर. रोमन लोकांनी दुसऱ्या शतकात बांधलेला पोर्टा निग्रा हा काळपट दगडी दरवाजा शहराच्या मधोमध आजही उभा आहे. कार्ल मार्क्स 1818 मध्ये याच शहरात जन्मला. गाडी पार्किंगमध्ये लावून एक पूर्ण दिवस पायी फिरावं.

परवाना, व्हिसा आणि गाडी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी फी 90 युरो, किमान 30,000 युरोचं वैद्यकीय कव्हर असलेला प्रवास विमा बंधनकारक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे ते जुलैमध्ये अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी परीक्षा असते, त्यामुळे रद्द करता येतील अशीच बुकिंग आधी करावीत.

गाडीसाठी मूळ भारतीय परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, दोन्ही सोबत हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे एका अर्थी मूळ परवान्याचं भाषांतर, एकटा तो चालत नाही. त्याची मुदत एक वर्ष. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीला नेमकी कोणती कागदपत्रं चालतात हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावं. अनेक कंपन्या 25 वर्षांखालच्या चालकाकडून जादा पैसे घेतात आणि डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं निवडावं. डाव्या हाताने गिअर बदलायची सवय असलेल्याला उजव्या हाताने, तेही अरुंद गल्लीत, पहिल्याच दिवशी जमेल असं नाही. गाडीही लहानच घ्यावी, गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत.

जर्मनीत कारला ऑटोबानचा टोल नाही. ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमध्ये शिरलं तर मात्र तिथला स्टिकर घ्यावा लागतो. आणि रात्रभराचं विमान करून उतरल्या-उतरल्या गाडी हातात घेऊ नये. पहिल्या दिवशी ट्रेनने र्‍युडेसहाइम किंवा माइन्झ गाठून झोप काढावी, गाडी दुसऱ्या दिवशी.

दंड होतो तो कशामुळे?

भारतीय चालकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा नियम म्हणजे 'उजवीकडचा आधी'. गावात चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, मग ती अगदी छोट्या गल्लीतून का येईना. पिवळ्या चौकटीची, तिरकी उभी पाटी दिसली तर आपण मुख्य रस्त्यावर आहोत आणि आधी जायचा हक्क आपला.

गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की वेगमर्यादा आपोआप ताशी 50. वेगळी पाटी शोधत बसू नये. काही गावांत ती 30 वर येते. गावाबाहेर साधारण 100, पण मोझेलकाठच्या वळणांवर तेवढा वेग नकोच. फोन हातात धरला तर 100 युरो दंड. ऑटोबानवर गाड्या तुंबल्या की डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेला वाट ठेवायची असते. ती ठेवली नाही तर दंड किमान 200 युरो. बारा वर्षांखालच्या, 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट लागते.

वाइनच्या खोऱ्यात गाडी घेऊन फिरताना एकाने न पिणं हाच साधा मार्ग. कायद्याची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, 21 वर्षांखालच्यांना शून्य. अपघात झाला किंवा गाडी वेडीवाकडी चालली तर त्याहून कमी प्रमाणातही गुन्हा दाखल होऊ शकतो.

पार्किंगसाठी निळी चकती हा एक वेगळाच प्रकार आहे. काही ठिकाणी पार्किंग फुकट असतं, पण ठरावीक वेळच. तिथे पुठ्ठ्याच्या निळ्या घड्याळावर आल्याची वेळ लावून ते काचेमागे ठेवायचं. वेळ पुढच्या अर्ध्या तासावर लावायची असते. 10.10 ला आलात तर काटा 10.30 वर. गाडीत ती चकती आहे का, हे गाडी घेतानाच पाहावं.

रविवार, सोमवार आणि दुपारचं जेवण

रविवारी जर्मनीत किराणा दुकानं आणि बहुतेक बाजार बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच पाणी, फळं, ब्रेड भरून ठेवावं. पेट्रोल पंपावरची दुकानं उघडी असतात, पण महाग. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. शिवाय प्रत्येक खानावळीचा स्वतःचा सुट्टीचा वार असतो आणि लहान गावात दोनच खानावळी असतील तर हिशेब लगेच चुकतो. दुपारी दोननंतर अनेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती थेट संध्याकाळी उघडतात. साडेतीनला भूक लागली तर केकवर भागवावं लागतं. काही ठिकाणी कार्ड चालत नाही, थोडी रोख हवीच.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: भाजीच्या पदार्थांतही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. 'ओने श्पेक', म्हणजे ते न घालता, एवढं सांगितलं तरी काम होतं. एप्रिलपासून 24 जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो आणि तेव्हा प्रत्येक मेनूत ती सापडते.

कधी जावं?

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. सप्टेंबरपासून द्राक्षतोडणी, गावोगावी वाइनच्या जत्रा आणि भरलेली हॉटेलं. नोव्हेंबर ते मार्च गावं शांत असतात, पण इतकी शांत की बोटी, किल्ले आणि निम्मी हॉटेलं बंद. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी नदीकाठचा रस्ता सायकलींसाठी राखून गाड्यांना बंद ठेवतात, हे मुक्कामाच्या हॉटेलला विचारून घ्यावं.

आणि नदीची अवस्था पाहावी. जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा सालासकट कोरलेल्या दिसतात, काही माणसाच्या डोक्याच्याही वर. पूर आला की आधी काठचे रस्ते आणि फेरीबोटी बंद होतात. उलटही घडतं. ऑक्टोबर 2018 मध्ये काउबच्या मापकावर ऱ्हाइनची पातळी 25 सेंटिमीटरवर आली होती आणि मालवाहतुकीला मोठा फटका बसला होता. जुन्या ब्लॉगवर या ट्रिपला जोडून शेजारचं आर नदीचं खोरंही सुचवलेलं असतं. जुलै 2021 च्या पुरात तिथे 130 हून जास्त माणसं गेली, घरं, पूल, रेल्वे वाहून गेली. तिथे जायला हरकत नाही, पर्यटकांचा पैसा त्यांना हवाच आहे. पण 2021 आधीची माहिती वापरून बेत आखू नये आणि ड्रोन काढून पडक्या घरांचे व्हिडिओ तर नकोच.

ट्रिअरहून फ्रँकफर्ट विमानतळ ऑटोबानने दोन-अडीच तासांवर आहे. विमान संध्याकाळचं असेल तर सकाळी निघालं तरी चालतं. विमानतळावर गाडी परत करण्याआधी टाकी भरायची असते, आणि ती विमानतळाच्या आधीच्या एखाद्या गावातल्या पंपावर भरावी. ऑटोबानवरच्या पंपांवर इंधन हमखास महाग असतं.